शेंडा कुठं पडेल

टीव्हीवर दिवसभर सीमेवरची लढाई दिसायची, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. वसईजवळच्या होळी गावात आमच्या स्वयंपाकघरावर एक माड कलला होता. वारा सुटला की आई शिजतं भांडं सोडून अंगणात पळायची.

माड पाडायला एक म्हातारा आला. त्याने हात ताठ करून काठी उभी धरली, ती माडाएवढी दिसेपर्यंत मागे सरकला, मग तीच आडवी केली. टोक जिथे दिसलं तिथे वाडीत खुंटी ठोकली.

"शेंडा इथंच पडंल."

दोर बांधून झाला, तरी तो खुंटीजवळच्या पंपाच्या खोलीत डोकावून आला. खोली रिकामी होती. तो पुन्हा गेला. मग तिसऱ्यांदा.

"आजोबा, आटपा ना!" मी ओरडलो.

"फौजेत तोफेवर होतो," तो म्हणाला. "तिथं बी हाच हिशेब, किती लांब, किती उंच. माझा कधी चुकला नाय. पन गोला पडंल तिथं मानसं हायत का, ते जाऊन बघता येत नव्हतं."

माड नेमका खुंटीवर पडला. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो मात्र खुंटीकडे पाठ करून आमची डोकी मोजत होता. मोजून झाली, तेव्हा त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.