आर्डिस टॉलेफ्सनची हरकत

मिनेसोटातल्या वेस्ट हॅल्म गावात कुणी कॉफी विचारली की आधी नको म्हणायचं. "नको गं, आत्ताच घेऊन आले." मग घरची बाई म्हणणार, "अगं, केलेलीच आहे." त्यावर म्हणायचं, "कशाला उगाच त्रास." तिने तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, अगदी अर्धा कप," असं म्हणून बसायचं आणि दोन कप प्यायची. पहिल्याच वेळेला हो म्हणणाऱ्या माणसाला तिथे कुणी वाईट म्हणत नाही. त्याचा विषय निघाला की लोक जरा थांबतात आणि म्हणतात, "तो मूळचा शिकागोकडचा ना?"

आर्डिस टॉलेफ्सन मूळची वेस्ट हॅल्मचीच. व्हर्लिनने लग्नाचं विचारलं तेव्हाही ती दोनदा नाही म्हणाली होती. दोन्ही वेळा व्हर्लिन आपल्या ट्रकच्या टायरवर बूट आपटत शांतपणे उभा राहिला आणि मग त्याने पुन्हा विचारलं. पुढे तो जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाट्यापाशी नोकरीला होता. काट्याची सुई स्थिर झाल्याशिवाय आकडा वाचायचा नाही, ही त्याची तिथली सवय घरीही टिकली.

आर्डिस गावच्या ल्यूथरन चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. ऑर्गन जुना, खऱ्या नळ्यांचा, हिवाळ्यात सर्दी झाल्यासारखा वाजणारा. लग्नं, बारशी, अंत्यविधी सगळं तिच्याच हातून व्हायचं. निम्मं गाव तिच्या सुरांवर त्या चर्चच्या दारातून बाहेर पडलं होतं, काही चालत, काही दुसऱ्यांच्या खांद्यावरून. तिला त्याचे पैसे मिळत नसत. दर नाताळला चर्चची समिती देऊ म्हणायची, ती नको म्हणायची, आणि का कोण जाणे, समितीचा आग्रह दुसऱ्या वेळेलाच संपायचा.

मग ट्रेंट हाउगेन पास्टर झाला. हा गावातलाच मुलगा, आर्डिसनेच लहानपणी त्याला नाताळची गाणी शिकवलेली. त्याला चर्चमध्ये तरुण मंडळी हवी होती. त्यासाठी ड्रम, गिटार आणि गाण्यांचे शब्द दाखवणारा मोठा पडदा हवा होता, आणि पडद्याला नेमकी ऑर्गनचीच भिंत हवी होती. जानेवारीतल्या एका सकाळी, नाकातला श्वास गोठत असताना, त्याने चर्चबाहेर गाडीची काच अर्धी खाली केली.

"आर्डिस, ऑर्गन काढला तर तुमची काही हरकत नाही ना?"

"छे छे! माझी कसली हरकत?" आर्डिस म्हणाली आणि दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत उभी राहिली.

"थँक यू! तुम्ही खरंच फार मोठ्या मनाच्या आहात," ट्रेंट म्हणाला. "काही नाही त्यात," असं आर्डिस म्हणेपर्यंत काच वर गेली आणि गाडी निघून गेली.

त्याला रीत ठाऊक नव्हती असं नाही. ठाऊक होती म्हणूनच त्याने एकदा विचारलं आणि इंजिन चालू ठेवलं.

समितीच्या मनाला मात्र थोडं टोचलं. त्यांनी चर्चच्या तळघरात दोन रविवार पॅनकेक विकले आणि आर्डिस-व्हर्लिनला निरोपाची भेट म्हणून युरोपची सहल दिली. सहा शहरं, बसने, जेवणासकट. आर्डिसने ती रीतसर दोनदा नाकारली आणि तिसऱ्यांदा घेतली.

त्यांच्या बसची मार्गदर्शक हानेका नावाची उंच डच बाई होती. तिच्या देशात 'नाही'चा अर्थ नाही असाच होतो, त्यामुळे तिची कामं भराभर होत. आम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी तिने विचारलं, "बोटीतून फिरायला कोण कोण येतंय?"

"नको, आम्ही आपले इथेच बरे," असं म्हणता म्हणता आर्डिसने पर्स खांद्याला लावली आणि पायऱ्यांच्या दिशेने एक पाऊलही टाकलं.

"ठीक," हानेका म्हणाली. बोट सुटली.

"परत विचारायला येईल," व्हर्लिन म्हणाला.

हानेका परत आली, पण बोटीची फेरी संपल्यावर. तोवर दोघांनी काठावरच्या सगळ्या सायकली पाहून घेतल्या होत्या.

जर्मनीत कोलोनला वेटर चेरीच्या केकची थाळी घेऊन आला. आर्डिसला त्या केकचा वास दारातूनच आला होता. "नको, पोट अगदी भरलंय," ती म्हणाली. थाळी तिच्या नाकासमोरून सरकून त्यांच्याच बसमधल्या न्यू जर्सीच्या डोलोरेस पगानोपुढे थांबली. डोलोरेस प्रश्न पुरा व्हायच्या आत हो म्हणणाऱ्यांपैकी. तिने दोन तुकडे घेतले आणि आर्डिसकडे रोखून पाहिलं.

"तुम्हा दोघांना साखरेचा आजार आहे का गं?"

"नाही."

"मग खात का नाही?"

"कुणी विचारलंच नाही."

"अगं बाई, आत्ता तर विचारलं!"

"एकदाच," व्हर्लिन म्हणाला.

डोलोरेसचा काटा हवेतच राहिला. "मग काय मांडीवर घेऊन भरवायला हवं होतं? माझ्या आईने मला एकदाच विचारलं असतं आणि मी नको म्हटलं असतं, तर माझ्या भावाने माझ्यासकट ताट खाल्लं असतं. हो म्हणायला शिका! पैसे भरलेत तुम्ही."

"पैसे आम्ही नाही भरले," आर्डिस म्हणाली. मग डोलोरेसने उरलेली हकीकत काढून घेतली. ऑर्गन, पडदा, गाडीची काच, सगळं. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आणि त्या पोराच्या तोंडावर तू थँक यू म्हणालीस?"

"तो म्हणाला. मी त्यावर, काही नाही त्यात, असं म्हणाले."

त्या रात्री नवराबायकोने ठरवलं, इथून पुढे पहिल्यांदाच हो म्हणायचं. सवय नसल्यामुळे कशाला म्हणायचं हे काही त्यांना कळेना. ल्युसर्नमध्ये त्यांनी घड्याळाच्या दुकानात हो म्हटलं, वितळलेल्या चीजच्या फोंड्यूला हो म्हटलं आणि त्याच्या दुसऱ्या भांड्यालाही हो म्हटलं. व्हेनिसमध्ये एका सभ्य गृहस्थाने व्हर्लिनला "वाट चुकलात का?" असं विचारलं, त्यालाही व्हर्लिन हो म्हणाला. गृहस्थाने बिचाऱ्याने त्यांना स्टेशनपर्यंत सोडलं. तिथून हॉटेल शोधता शोधता दोघांची दुपार गेली. संध्याकाळी व्हर्लिनच्या डोक्यावर लाल फितीची गवती टोपी होती आणि हातात पिसांचा मुखवटा होता.

"हे काय?" आर्डिसने विचारलं.

"तो म्हणाला, घेता का? मी म्हटलं, हो."

"पण कुठे घालणार?"

"ते त्याने विचारलं नाही."

व्हिएन्नाला पोचेपर्यंत दोघांची पोटं आणि पाय इतके थकले होते की गपचूप जुन्या रीतीवर परतायचं ठरलं. राजवाडा नको, बाग नको, सॉसेज नको. हॉटेलच्या दालनात बसल्या बसल्या व्हर्लिनचा फोन वाजला. ट्रेंटचा संदेश होता. नळ्या विकत घेणारा माणूस फार्गोहून उद्या सकाळी ट्रक घेऊन येतोय. आर्डिसची हरकत नाही हे माहीत आहेच, आपलं कळवून ठेवतो. मजा करा. शेवटी एक हसरा चेहरा.

आर्डिसने चष्मा काढून पुसला आणि संदेश पुन्हा वाचला. आतापर्यंत ऑर्गन 'निघणार' होता. आता तो ट्रकमध्ये चढणार होता. त्याच्या मोठ्या नळ्या आडव्या झोपवून त्यांच्यावर ताडपत्री टाकलेली तिला दिसली.

"तुझी हरकत आहे का?" व्हर्लिनने विचारलं.

"छे."

व्हर्लिन थांबला. काट्याची सुई अजून हलत होती. त्याने पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात हानेकाने बसची शिट्टी वाजवली आणि विषय तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी प्रागच्या वाटेवर, दोन्ही बाजूंना पिवळी शेतं पळत असताना, त्याने पुन्हा विचारलं, "आर्डिस, हरकत आहे का तुझी?"

"आता काय उपयोग?" ती खिडकीकडे पाहत म्हणाली. मग तिने उगाचच शेतांचं कौतुक केलं आणि पुढच्या सीटवरच्या जोडप्याला खिडकीचा पडदा हवा आहे का असं विचारलं. त्यांनी पहिल्यांदाच हो म्हटलं आणि ओढून घेतला.

प्रागमध्ये दुपारी हानेका सगळ्यांना एका आडगल्लीतल्या चर्चमध्ये घेऊन गेली. वळणावळणाचा अरुंद जिना चढून सगळे ऑर्गनच्या माळ्यावर आले. डोलोरेस शेवटची, प्रत्येक पायरीला एकेका संताचं नाव घेत. ह्रुबेश नावाचा म्हातारा वादक स्वेटरच्या बाह्या मागे सारून त्यांच्यासाठी दहा मिनिटं वाजवून दाखवणार होता. त्याने वाजवलं. आर्डिसचे पाय जमिनीवरच हलत होते. तिचा डावा बूट तिथे नसलेली पायपट्टी दाबत होता, आणि ती एकदाही वादकाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, फक्त हातांकडे.

वाजवून झाल्यावर डोलोरेस मोठ्याने म्हणाली, "ही बाईसुद्धा वाजवते! चाळीस वर्षं!"

ह्रुबेशचा चेहरा उजळला. त्याला त्यांच्या भाषेतले मोजून चार शब्द येत होते. तो बाकावरून उठला, तळहाताने जागा पुसली आणि आर्डिसपुढे हात केला. "तुम्ही. बसा."

"नको, नको," आर्डिस म्हणाली. "मला कुठे एवढं येतं? आणि तुम्हालाही उशीर होत असेल."

ह्रुबेशने त्यातला 'नको' ऐकला. त्याने समजूतदारपणे मान हलवली, पट्ट्यांवरचं झाकण खाली ओढलं आणि खिशात किल्ली शोधू लागला. माळ्यावरच्या कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. मिनेसोटात आता सकाळ झाली होती. फार्गोचा ट्रक वाटेत असणार.

"आर्डिस," व्हर्लिन म्हणाला. त्याने गवती टोपी काढून हातात धरली होती. "तुझी हरकत आहे का?"

ही तिसरी वेळ होती.

"आहे!" आर्डिस ओरडली. तिचा आवाज घुमटाला लागून परत आला, तेव्हा ती स्वतःच दचकली. पण तोंड उघडलंच होतं, तर तिने बाकीचंही बोलून घेतलं. "आहे माझी हरकत! जानेवारीपासून आहे! कळव त्या पोराला!" मग ती ह्रुबेशकडे वळली. "आणि ते उघडा!"

ह्रुबेशला यातला एकही शब्द कळला नाही, पण झाकण त्याने लगेच उघडलं.

पहिला सूर चुकला. या ऑर्गनच्या पायपट्ट्या घरच्यापेक्षा जवळजवळ होत्या, आणि तिच्या बुटाने एकाच वेळी तीन दाबल्या. खाली चर्चमध्ये कुणीतरी देवाचं नाव घेतलं. ह्रुबेशने हसत बाजूच्या, आवाज बदलायच्या दोन खुंट्या ओढून दिल्या आणि मागे सरकला. मग आर्डिसने वेस्ट हॅल्मला पेरणीच्या रविवारी वाजवायची ती धून लावली. साधीच, लोकांना उभं राहून गाता यावी एवढी सोपी. चौथ्या ओळीला तिचे पाय जागेवर आले.

व्हर्लिन जिन्याच्या तोंडाशी बसून एका बोटाने लिहीत होता. *आर्डिसची हरकत आहे.*

उत्तर लगेच आलं. व्हर्लिनने ऑर्गनच्या आवाजावर आवाज चढवला. "ट्रेंट म्हणतोय, हा हा! खरंच का?"

"खरंच!"

व्हर्लिनने ते लिहिलं. फोन पुन्हा थरथरला. "म्हणतोय, तुम्ही भिडेखातर तर म्हणत नाही ना? ट्रक दारात उभा आहे. माणूस फार्गोहून आलाय, त्याला काय वाटेल?"

"काय वाटायचं ते वाटू दे! आहे म्हणावं!"

डोलोरेसने टाळी वाजवली. तिसऱ्या वेळेला संदेश यायला जरा वेळ लागला. चर्चच्या दारात ट्रेंट फोनवर अंगठा उगारून उभा असेल, तो व्हर्लिनला दिसत होता. "आर्डिस, म्हणतोय, शेवटचं विचारतो. नक्की?"

"नक्की!"

व्हर्लिनने अक्षर न् अक्षर तपासून लिहिलं, *नक्की*, आणि पाठवलं. ट्रेंट कितीही तरुण असला तरी वेस्ट हॅल्मचा होता. तिसऱ्या उत्तरानंतर तिथे कुणी विचारत नाही. थोड्या वेळाने एक ओळ आली, *बरं. ट्रक परत पाठवतो.*

हानेका घड्याळाकडे बोट दाखवत आर्डिसच्या खांद्याशी आली. "बस उभी आहे. निघायचं?"

"नाही," आर्डिस म्हणाली आणि पुढचं कडवं सुरू केलं.

हानेकाने मान डोलावली आणि बस थांबवून ठेवायला खाली निघून गेली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा या बाईचं म्हणणं तिला नीट कळलं होतं.

व्हर्लिनचा फोन परत वाजला. ट्रेंटने विचारलं होतं, *मग ड्रम कुठे ठेवू?*

हे व्हर्लिनने वर ओरडून विचारलं नाही. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली, बराच विचार केला आणि एका बोटाने लिहिलं, *तुला हवे तिथे ठेव. आमची कसली हरकत?*