हळदीची पुडी घेऊन इंदूरला

खलघाटचा पूल आला, खाली नर्मदा दिसली आणि बसमधल्या सगळ्यांनी हात जोडले. माझ्या शेजारच्या गृहस्थांनीही जोडले. त्यांनी नाकातोंडावर घट्ट रुमाल बांधला होता. त्या वर्षी सुरतेकडून प्लेगच्या बातम्या येत होत्या आणि जो तो रुमाल बांधून हिंडत होता. मला बरं वाटलं. एवढ्यात गृहस्थांना शिंक आली. त्यांनी घाईघाईनं रुमाल हनुवटीखाली ओढला, माझ्या खांद्यावर दणदणीत शिंकले आणि रुमाल पुन्हा नीट नाकावर चढवला.

"अहो, शिंकतानाच काढलात?" मी ओरडले.

"तो रुमाल गंदा नहीं हो जाता, बहनजी?" ते म्हणाले.

मी साताऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रात नर्स. हात धुवा, पाणी उकळा, घाणेरडा हात डोळ्या-नाकाला लावू नका, हे सांगण्यात माझं आयुष्य चाललंय. चेष्टेत मला गावात 'साबणबाई' म्हणतात. रजा काढून इंदूरला निघाले होते तीही साबणापायीच.

माझा धाकटा भाऊ दिगू इंदूरच्या एका कापड गिरणीत टाइमकीपर होता. भोंगा झाला की हजेरी, भोंगा झाला की सुट्टी. दीड वर्षापूर्वी गिरणी बंद पडली आणि आमचा बडबड्या दिगू मुका झाला. आता पोलोग्राउंड या औद्योगिक भागातल्या एका शेवेच्या कारखान्यात त्याला आशा होती. बाहेरची एक मोठी कंपनी तिथली शेव घेणार होती, पण साथीच्या भीतीनं त्यांनी अट घातली होती, कामगारांचे हात स्वच्छ हवेत आणि त्यावर देखरेखीला माणूस हवा. कारखान्याच्या मालकांनी, सेठजींनी, दिगूला तीन दिवस दिले होते. जमलं तर नोकरी, नाही तर रामराम. 'ताई, तू ये आणि मला शिकव,' एवढंच त्यानं पत्रात लिहिलं होतं.

इंदूर जवळ आलं तशी गिरण्यांची धुराडी दिसायला लागली. एकातूनही धूर नव्हता. बसस्टँडवर दिगू उभा होता, वाळलेला, मनगटावर गिरणीतलं ते जुनं घड्याळ. "कसा आहेस रे?" तर म्हणे, "हूं." माझी पिशवी उचलून पुढं चालायला लागला.

मल्हारगंजात एका बोळात त्याच्या दोन खोल्या. भावजय मंदा इथलीच, जन्मानं इंदुरी मराठी. "ताई, बैठा नं तुम्ही आरामात, मी फटाफट चाय ठेवते," म्हणाली आणि चहाआधी पोहे आले. पोह्यांवर शेव, शेवेवर जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला) आणि शेजारी जिलबी. पोहे आणि जिलबी एका ताटात! मी नाक मुरडलं आणि दोन बशा संपवल्या.

मग शेजारीपाजारी जमले. इकडे मनुहार म्हणून एक प्रकार आहे (पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हातानं घास भरवायचा आग्रह). समोरच्या काकीजी जिलबी घेऊन माझ्या तोंडापाशी आल्या. मी दोन्ही हात आडवे केले आणि आधी हात धुण्यावर पाच मिनिटं बौद्धिक घेतलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. "एकदम सही बात आहे, ताईजी!" सगळ्या बाहेर नळावर गेल्या, साबणानं कोपरापर्यंत हात चोळले आणि रांगेनं परत आल्या. आता नाही म्हणायला तोंड कुठं होतं? सात बायकांनी मला सात जिलब्या भरवल्या. दिगू कोपऱ्यात बसून बघत होता. हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्यासारख्या मला वाटल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. मी मोठ्या ऐटीत माझं सामान काढलं. माझा हुकमी प्रयोग होता. हाताला हळद लावायची, कामं करायची आणि मग बघायचं, हात कुठं कुठं लागला. न दिसणारे जंतू असेच पसरतात, हे हळद डोळ्यांना दाखवते. आमच्या खेड्यात टाळ्या पडतात याला. मी पुडी सोडली आणि वर बघितलं. भिंती पिवळ्या. ओटे पिवळे. बेसनानं, हळदीनं माणसं भुवयांपर्यंत पिवळी. कढईशी झारा घेऊन उभा असलेला कन्हैया हा मुख्य तळणारा. तो माझ्या पुडीत डोकावून म्हणाला, "दीदी, ये तो अपने पास बोरी भर के है."

अगं बाई! साताऱ्याहून हळद घेऊन शेवेच्या कारखान्यात आले होते. माझ्या अकलेचे दिवेच ते! मी पुडी पिशवीत कोंबली आणि नुसतं बोलून वेळ मारून नेली.

पण एक गोष्ट छान झाली. मी म्हटलं, साबण लावून वीसपर्यंत आकडे म्हणायचे. कामगार भराभरा पाच-सहाला आटपायचे. तेव्हा दिगू नळापाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं मनगट वर केलं. घड्याळाकडे बघत तो बोटानं ठोके देऊ लागला. वीस झाल्याशिवाय हात सोडू देईना. त्या घड्याळाला दीड वर्षांनी काम मिळालं होतं. संध्याकाळपर्यंत बाया आणि बाप्ये नळाशी ओरडून आकडे म्हणायला लागले.

संध्याकाळी मंदा मला खजराण्याच्या गणपतीला घेऊन गेली. दर्शन झालं. मंदा डोळे मिटून बराच वेळ उभी होती. "काय मागितलंस?" मी विचारलं. "हे पुन्हा बोलायला लागतील, एवढंच बस," ती म्हणाली. मला वाटलं होतं नोकरी मागितली असेल. परतताना कपडे धुवायच्या सामानाच्या दुकानात मला नीळ दिसली आणि मी तिथंच थबकले. पिवळ्या कारखान्यात निळं उठून दिसणार! कोरडी भुकटी लोखंडी कडीवर कळत नाही, ओल्या हाताला लागली की मात्र लपत नाही.

तिसरा दिवस परीक्षेचा. सेठजींना आम्ही सांगितलं होतं, आज एक गुपित युक्ती करणार आहोत, आजची शेव विकायची नाही. ते खूश झाले. "पकड़ो, जो भी हो, पकड़ो!" कारखान्यात संडास एकच, मालक-कामगार सगळ्यांचा. मी सकाळीच जाऊन आतल्या कडीला बोटांनी नीळ चोपडली, चष्मा वर सारला आणि बाहेर येऊन हात धुतले.

दुपारपर्यंत सगळे एकेकदा जाऊन आले. बाहेर आलं की दिगूचं घड्याळ आणि वीस आकडे. मग सेठजी जाऊन आले. पांढरंशुभ्र धोतर, पिळदार मिशा. दिगूनं मनगट वर केलं, आणि पुन्हा खाली घेतलं. सेठजी नळावरून तसेच पुढं गेले. त्यांची एक सवय होती, प्रत्येक परातीतली चिमूटभर शेव उचलून चाखायची आणि उरलेली परातीत टाकायची. ती त्यांनी मनसोक्त पुरवली. मी दिगूकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना उभं केलं. हात पुढं! सगळे स्वच्छ. आणि कन्हैयाच्या कढईपाशी परातीच्या काठावर तीन ठसठशीत निळी बोटं.

"किसने किया?" सेठजी गरजले. "ये कन्हैया की परात है! इसकी आज से छुट्टी!"

सेठजींची डावी मिशी निळी होती. कानाची पाळी निळी होती. सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे छताकडे बघत होते. कन्हैयानं झारा कढईवर आडवा ठेवला. मी पाहुणी, मी सांगू शकले असते. पण मी आज सांगून उद्या साताऱ्याला जाणार. इथं रोज सांगायचं होतं ते दिगूला. बोलला तर नोकरी जाणार, नाही बोलला तर कन्हैयाची जाणार.

दिगूनं घसा साफ केला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज मी नीट ऐकलाच नव्हता.

"सेठजी, हाथ दिखाइए."

सेठजींनी आपले हात पाहिले, आधी एक, मग दुसरा.

"नल पे आइए," दिगू म्हणाला. "बीस तक गिनूँगा."

सेठजी गेले. खरंच गेले! हात चोळायला लागले, निळं पाणी मोरीत उतरलं. मध्येच त्यांनी हात झटकले.

"तेरह हुए हैं, सेठजी," दिगू म्हणाला. "सात बाकी हैं."

कुणीतरी खुसकन हसलं. सेठजींनी सातही पुरे केले. मग तोंड पुसत माझ्याकडे वळले. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं.

"और सिस्टरजी की नाक?" सेठजींनी विचारलं.

माझं नाक? नुकतीच जेवणाचा डबा घेऊन आलेल्या मंदानं पर्समधला आरसा पुढं केला. चष्म्याखाली नाकाच्या दांडीवर निळाशार पट्टा! सकाळपासून मी तो मिरवत होते आणि हात तोंडाला लावू नका म्हणून सगळ्यांना दटावत होते.

"अरे, सांगितलं का नाही कुणी?"

कन्हैया संकोचून म्हणाला, "हमने सोचा, खजराने का तिलक होगा, दीदी."

सगळा कारखाना पोट धरून हसला. सेठजी सगळ्यांत जास्त. साबणबाईला नळावर नेण्यात आलं आणि माझ्या सख्ख्या भावानं मलाही वीस मोजले, एकसुद्धा कमी नाही.

जाता जाता सेठजी दिगूला म्हणाले, "कल आठ बजे आना, भिया. कन्हैया भी आएगा." मग क्षणभर थांबून, "और मेरा भी टाइम देखना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परतीच्या बसमध्ये बसले. मंदानं शेव-पराठ्यांचा डबा दिला. दिगूला आठला कारखान्यात पोचायचं होतं, तरी तो आला होता, आणि स्टँडवर भेटलेल्या तीन माणसांशी अखंड बोलत होता. बस हलली. मला वाटलं, नुसता हात करील. तर हा बाबा बसबरोबर पळायला लागला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओरडला, "ताई! हात धुवून खा गं! वीसपर्यंत! मी नाही म्हणून सहावर आटपू नकोस!"

अख्खी बस माझ्याकडे बघायला लागली. मला लाज वाटली आणि इतका आनंद झाला की डोळे भरून आले. पुसायला हात वर नेला आणि तसाच थांबवला. मघाशीच बसचा तो चिकट दांडा धरून चढले होते. हात मांडीवर ठेवून बसले.

"क्यों बहनजी, मिर्ची लग गई?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"हूं," मी म्हटलं. खलघाटपर्यंत डोळे तसेच वाहत होते.