ती जखम लाठीची नव्हती

रघुनाथ गेल्याचं सांगायला सखाराम गिरणीची पाळी सोडून आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आला होता. ‘रघूदादा सुटला,’ एवढंच म्हणाला आणि पाणी मागून प्यायला. त्याला आता महिना होऊन गेला. पुढची हकीगत छापावी, अशी रघुनाथचीच इच्छा होती. ‘माझ्यासारखा दुसरा कोणी असेल, त्याने तरी घरात बसून राहू नये,’ असं तो म्हणाला होता. त्याचं नाव तेवढं बदललं आहे.

रघुनाथ मुलगी म्हणून जन्मला. विशीच्या आत त्याने कोकणातलं गाव सोडलं, केस कापले, धोतर नेसला आणि तीसएक वर्षं मुंबईत पुरुष म्हणून जगला. शिवडीच्या गोदामात तो कापसाच्या गाठींवर शाईने नंबर घालायचा. लालबागच्या आमच्या खोलीत सगळे एकटे पुरुष. पाळीप्रमाणे वळकट्या पसरायच्या, जेवण खाणावळीत. रघुनाथला दाढी नव्हती. ‘देवाने तुझा ब्लेडचा खर्च वाचवला रे,’ सखाराम म्हणायचा. ‘त्या पैशात तुझ्या मिशीला तेल आणतो,’ हा उत्तर द्यायचा. यापलीकडे कोणी काही विचारलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या एका मोर्चावर भायखळ्याजवळ लाठीमार झाला. आम्ही धावत खोलीवर पोचलो, तेव्हा रघुनाथच्या धोतराला रक्त होतं. लाठी त्याच्या अंगाला शिवलीही नव्हती. पण त्या दिवसांत गिरणगावात रक्ताचा अर्थ एकच होता. सखाराम हळद घेऊन आला. ‘मांडीला लागलंय, माझं मी बघतो,’ म्हणून याने त्याला दूर केलं. रविवारी चाळीतल्या सभेत त्याला हार घातला गेला. पुढे रक्त पुन्हा पुन्हा दिसलं आणि दर वेळी खोलीने तीच जखम चिघळल्याचं धरलं. त्याची मासिक पाळी थांबून काही वर्षं झाली होती. ‘वाटलं, बाईपण परत आलं…’ हे तो मला फार पुढे म्हणाला. ‘हार घालून घेतल्यावर ते कोणाला सांगणार?’

खाणावळवाल्या जानकीमावशींनी मात्र ओळखलं. ‘माका फसवू नको हां रघू. लाठीचा रगात असा महिने महिने येता काय?’ तेव्हा त्याने मावशींना आणि मला खरं सांगितलं, आणि आम्ही दोघांनी त्याला इस्पितळात नेलं. पुरुषांच्या बाजूला त्या दुखण्याचा डॉक्टर नव्हता. बायकांच्या बाजूला दारावरच्या माणसाने धोतराकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘लुगडं नेसून या.’ रघुनाथ तिथूनच परत फिरला. त्यानंतर कित्येक आठवडे तो इस्पितळाचं नाव काढू देईना. जगायचं असेल तर रघुनाथ राहता येणार नाही, असाच त्याने त्या वाक्याचा अर्थ घेतला होता.

शेवटी मावशींनी दुसऱ्या इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर त्यांनी त्याला धोतरातच तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. ‘रोग कपडे बघत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘गर्भाशय आहे तोवर त्याचा रोगही होऊ शकतो. पहिलं रक्त दिसलं तेव्हाच आला असतात तर…’ व्हरांड्यात पडद्याआड खाट टाकून रेडियमच्या किरणांचे शेक दिले. दुखणं तोवर मूत्राशयापर्यंत गेलं होतं.

मरायला तो खोलीवर आला आणि सगळ्यांना एकदाच सगळं सांगून मोकळा झाला. मग सखाराम म्हणाला, ‘हाराआधी सांगायचं ना रे. हार फुकट गेला.’ रघुनाथ हसला. हसताना त्याला कळ आली.

तोवर गोष्ट चाळभर झाली होती. तो गेला त्या सकाळी चाळीतल्या म्हाताऱ्या बायका पाणी आणि लुगडं घेऊन आल्या. बाईला बायकांनी आंघोळ घालायची, असा रिवाज. सखाराम दारात उभा राहिला. ‘आमच्या खोलीतला माणूस आहे. पाणी आम्ही घालणार.’ बायकांनी मावशींकडे पाहिलं. ‘धोतर आणा,’ मावशी म्हणाल्या.

खोलीतल्या माणसांनी त्याचा सदरा अंगावर तसाच ठेवून वरून पाणी घातलं. कोणी बटणाला हात लावला नाही. ओल्या सदऱ्यावरच नवं धोतर गुंडाळलं.

खोलीतली जागा मोकळी झाली, की गावाकडचा कोणीतरी ती लगेच धरतो. भिंतीलगतची रघुनाथची जागा अजून रिकामी आहे. दोघे विचारून गेले. सखाराम म्हणतो, ‘बघू पुढे,’ आणि झाडताना तेवढा तुकडा दोनदा झाडतो.