वासाचा साबण आणि आमची म्हैस

लग्न होऊन मी पालीला आले तेव्हा आमच्या घरात साबण म्हणजे कपड्यांचा, आणि तोही सणासुदीच्या धुण्यापुरता. अंग घासायला दगड, केसांना शिकेकाई. माझे यजमान पुण्याला एका छापखान्यात कामाला होते. दोन-तीन महिन्यांनी नसरापूरपर्यंत मोटारीनं यायचे, तिथून पुढं बैलगाडी मिळाली तर ठीक, नाहीतर पायी. लग्नानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला ते आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत गुलाबी कागदात गुंडाळलेली एक वडी होती.

ती माझ्यासाठी आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण सगळ्यांदेखत बायकोच्या हातात काही ठेवायची सोय तेव्हा नव्हती. त्यांनी ती सासूबाईंपुढं धरली.

"आई, तुला आणलाय."

सासूबाईंनी वडी नाकाशी नेली. "खायाचं हाय व्हय रं?"

"न्हाई गं, साबण हाय. वासाचा. अंगाला लावायचा."

"आन् मंग ह्यो वास?"

"त्यो राहतो की अंगाला. दिसभर."

"दिसभर?" त्यांनी लेकाकडं असं पाहिलं, जसा काही पुण्याला जाऊन हा खोटं बोलायला शिकला. मग वडी पेटीत लुगड्यांच्या घडीत ठेवली. पहिल्या अंघोळीला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत सासूबाईंना पेटीतलं काही ना काही सारखं लागायचं, आणि पेटी उघडली की दिवाळीला आलेली नणंद आणि मी, दोघी हातातलं काम टाकून तिथं हजर.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, तेवढे लांब राहिले. "मला काय आता बाशिंग बांधायचं हाय? माझ्या अंगाला त्ये लावू नगा."

पहिल्या अंघोळीच्या पहाटे सासूबाईंनी साबण कोणाच्याही हातात दिला नाही. मोरीशी स्वतः उभ्या राहिल्या आणि प्रत्येकाच्या अंगावरून स्वतःच फिरवला. "दोन हात. बास." पण माझ्या पाठीवर चार हात फिरले, मी मोजले. इतका मऊ फेस मी कधी पाहिला नव्हता. शेवटचा तांब्या अंगावर घ्यायला जिवावर आलं. सगळा वास मोरीतून वाहून जाईल अशी भीती वाटली. पण तो गेला नाही. नवं लुगडं नेसले, फराळाचं ताट मांडलं, तरी मी आपली अधूनमधून मनगट हुंगतेच आहे.

मग चरवी घेऊन गोठ्यात गेले.

आमची म्हैस एकच होती. तिचं रेडकू पावसाळ्यात दगावलं होतं. तेव्हापासून ती फक्त घरच्या माणसाच्या हाताला पान्हा घालायची, त्यातही माझ्या. मी जवळ गेले तशी तिनं मान वळवून मला हुंगलं, फुर्र केलं आणि लाथ झाडली. चरवी घरंगळत दारापर्यंत गेली.

"अगं, मीच हाय की!" मी म्हटलं. तिला ते पटलं नाही.

सासूबाई आल्या. लाथ. नणंद लांबूनच "ये गं, माझी बाय ती" म्हणाली, तर तिच्यावर शिंगं रोखली. यजमान पुढं झाले, आणि मग म्हशीनं दावंच ताणलं. चौघांच्या अंगाला एकच वास, आणि तो तिनं जन्मात कधी घेतलेला नव्हता.

मामंजी ओट्यावरून बघत होते. सासूबाई त्यांच्याकडं वळल्या.

"तुमच्याच अंगाला ह्यो वास न्हाई. बसा तुमी."

"म्या? म्या कंदी धार काढलीया?"

"रोज रानात तुमीच नेताय न्हवं तिला? वळखती तुमाला. बसा!"

मामंजी बसले. म्हैस लाथ मारीना, पण पान्हाही घालीना. तेव्हा सासूबाईंनी माझं आदल्या दिवशीचं लुगडं आणलं आणि त्यांच्या डोक्यावरून पांघरलं. त्याला शेणाचा, धुराचा, म्हशीच्या आंबोणाचा, माझा असा सगळा रोजचा वास होता. भरघोस मिशांचे मामंजी हिरव्या लुगड्यातून बाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, तू काय म्हंतीस गं तिला?"

"मी... 'सोड गं माझ्या राणी' म्हणते, मामंजी."

ते एकदा खाकरले. मग बारीक आवाजात म्हणाले, "सोड गं... माझ्या रानी."

आणि चरवीत धार वाजली! यजमान भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. तेवढ्यात शेजारची काकू फराळाचं ताट घेऊन दारात आली. तिनं ती लुगडं पांघरलेली पाठ पाहिली, "सूनबाई, लई अंग धरलंस गं दिवाळीत" म्हणाली, आणि पाठ वळली तशी तिला मिशा दिसल्या. ताटातले दोन लाडू खाली पडले.

दुपारपर्यंत ही गोष्ट पाणवठ्यावर पोचली होती. मामंजी संध्याकाळपर्यंत ओट्यावर आले नाहीत.

त्या दिवसापासून सासूबाईंनी नियम केला, की साबण धार काढून झाल्यावरच, आणि तोही सणाला. भाऊबीज झाली, यजमान पुण्याला गेले, वडी पुन्हा पेटीत गेली.

आठवडाभरानं मामंजी नसरापूरच्या बाजाराला निघाले होते. सासूबाई पाण्याला गेल्याचं बघून ते दाराशी घुटमळले.

"सूनबाई, त्यो साबन... उरलाय का जरा?"

मी वडी आणून दिली. दोन हात नाही, चांगली अर्धी घटका मोरीत फेस होत होता. संध्याकाळी परतले तेव्हा मिशा अजून चमकत होत्या. सासूबाईंना अर्थातच सकाळीच वास लागला होता.

"काय म्हनालं लोक?" त्यांनी विचारलं.

"गाडीत शेजारी एक जन बसला हुता. म्हनाला, घरात लगीन हाय का?"

"मंग?"

"म्या म्हनलं, व्हय."

"अवो, कुनाचं?"

मामंजींनी पागोटं काढून खुंटीला अडकवलं. "त्ये न्हाई इचारलं त्यानं."