पाटल्यांचं व्याज

शुक्रवार पेठेत आमची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय हो, दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिरणीतली माणसं पाटांवर बसून जेवायची आणि मागच्या खोलीत चुलीपुढं मी. भाकरी, आमटी, शेंगांची चटणी. माणसं मोडनिंबाकडची, बायकापोरं गावी ठेवून आलेली. पगार झाला की महिन्याचे पैसे द्यायची, गावी गेलेल्या दिवसांचे खाडे वजा करून.

ही खानावळ माझ्या पाटल्यांवर उभी होती. भांडी, पाट, पहिलं ज्वारीचं पोतं, सगळं त्या पाटल्या सराफाकडे गहाण ठेवून आणलेलं. पाटल्या आईनं लग्नात घातलेल्या. पुढं आई गेली. तिची म्हणून तेवढीच वस्तू माझी, आणि तीही दुसऱ्याच्या तिजोरीत! दर महिन्याला व्याज पोचलं नाही तर पाटल्या मोडायच्या, असं ठरलेलं. म्हणून मी दोन डबे केले होते, एक खानावळीचा, एक घरचा. खानावळीच्या डब्यातून आधी किराणा, मग लाकडं, मग सराफाचं व्याज, आणि उरलंच तर घरच्या डब्यात. आमचे हे हसायचे. "बायकोनं पेढी उघडली," म्हणायचे. हसा म्हटलं.

मग गिरणी बंद पडली. सकाळचा भोंगा वाजेना. ह्यांनी ओट्यावर उभं राहून सगळ्यांना सांगून टाकलं, "जेवायला येत जा रे, पैसे कुठं पळून जातात?" माणसं म्हणाली, "मालक म्हंजी देवमाणूस हाय." देवमाणूस! आणि चुलीत डोकं घालून बसलेली मी कोण?

"अहो, निम्म्यांना तरी नाही म्हणा," मी म्हटलं.

"नाही म्हटलं तर गावी जातील. मागची बाकी कोण देईल?"

खरं होतं, त्याचाच जास्त संताप यायचा. जेवू घालावं तर डबा रिकामा, न घालावं तर बाकी बुडाली. रोज पीठ मळताना डोक्यात तेच. उठून जावं म्हटलं तर जायचं कुठं? आईमागं माहेरही संपलेलं. त्या खोलीला खिडकीसुद्धा नव्हती. रडले तरी धुरानं डोळे लाल झालेत असंच सगळ्यांना वाटायचं. जीव नुसता गुदमरून जायचा.

व्याज पुरं जमेना. तरी भाजीतून, तेलातून चिमटे काढून जमेल तेवढं मी ह्यांच्या हातात ठेवायची. "कमी आहे, पण नेऊन द्या." सराफाच्या पेढीची पायरी बाईमाणसानं चढायची नाही, ही आमच्या घरची रीत. हे परत आले की विचारायची, "दिलंत?" "दिलं, दिलं," म्हणायचे. तेवढीच मला झोप लागायची.

दिवाळी गेली आणि गिरणी सुरू झाली. भोंगा ऐकला त्या दिवशी आनंदाच्या भरात मी आमटीत दोनदा मीठ घातलं. पगाराच्या दिवशी पाट मांडून ठेवले. आले कोण? दोघं-तिघं. बाकीचे भवानी पेठेतल्या दुसऱ्या खानावळीत रोख पैसे मोजून जेवत होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यातला एक भाजीबाजारात दिसला, सगळ्यात जास्त भाकरी खाणारा. मला बघून वळला. मी सोडते होय? गाठलंच. "का रे बाबा, माझी भाकरी कडू झाली का?"

मान खाली. "न्हाय वैनी. समदं द्यायला जमंना. आन् थोडं घिऊन कुटल्या तोंडानं यायचं? लई लाज वाटती की."

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, "ऐकलंत? थोडं घेऊन यायची लाज वाटते म्हणे!" हे हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. भिंतीकडे बघत बसले. मी भाजीची पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही सराफाकडे गेलाच नाहीत."

"गेलो होतो गं, पेढीपर्यंत. तिथं चार लोक बसलेले असायचे. त्यांच्यासमोर अपुरं व्याज कसं ठेवायचं? पुरं झालं की देऊ म्हटलं." आणि ते पुरं होण्याआधीच ज्वारीत गेलं.

मी तशीच चपला घालून निघाले. रीत गेली खड्ड्यात. पेढीवरची माणसं बघत राहिली. सराफ म्हातारा होता, वाईट नव्हता. म्हणाला, "बाई, रुपया जरी आणून टाकला असता तरी मी थांबलो असतो. कुणी तोंडच दाखवलं नाही. मला वाटलं, तुम्ही सोडल्या. दसऱ्यालाच मोडल्या."

परत येताना गिरणीच्या फाटकाशी थांबले. भोंगा झाला, माणसं बाहेर आली, मला बघून आमची मंडळी मागं सरायला लागली.

"पळता कुठं?" मी ओरडले. "पावली असेल तर पावली द्या, आणा असेल तर आणा द्या. काही नसेल तर तसेच या. पण समोर येत जा रे!" शेवटी आवाज फाटला आणि मी भर रस्त्यात रडले.

त्या संध्याकाळी पाट भरले. हे न सांगता वाढायला उठले. मी त्यांच्याशी बोलले नाही, पुढं बरेच दिवस बोलले नाही.

बाकी थोडी थोडी करून येऊ लागली. पुढच्या पगाराला मी खानावळीचा डबा पुढ्यात घेतला. किराण्याचे काढले, लाकडांचे काढले, आणि सवयीनं व्याजाचेही वेगळे काढून ठेवले. ते आता कुणाला द्यायचे नाहीत, हे नंतर लक्षात आलं.