चार बोटांचं जाळं

पळसदेवला धरणाच्या काठावर दर रविवारी मी एका म्हाताऱ्या मच्छीमाराकडून मासे घ्यायचो. सगळे त्यांना तात्या म्हणत; खरं नाव विचारायचं राहिलंच. होडी ढकलण्याआधी ते जाळ्याच्या भोकात चार बोटं घालून बघत. दुसऱ्याच्या जाळ्यात बोटं अडली की म्हणत, "ही मच्छरदाणी हाय, जाळं न्हाय." पोटात अंडी असलेली मासळी पाण्यात सोडून देत. गिऱ्हाइकाला आधी एकच विचारत, "घरात माणसं किती?" आणि तेवढ्यांपुरतंच देत.

एका रविवारी त्यांची होडी रिकामी आली. मी शेजारच्या होडीतून बोटाएवढी पिशवीभर पिल्लं घेतली. तात्यांनी पिशवीत डोकावून एक पिल्लू तळहातावर घेतलं.

"कटला मासा हाय ह्यो. वर्षभर पाण्यात ऱ्हायला असता तर तुमच्या दोन्ही हातांत मावला नसता."

मग नेहमीच्याच आवाजात त्यांनी विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोघंच," मी म्हणालो.