पाणीचोर गाढवी

बदलापुरातली निम्मी ख्रिस्ती मंडळी आजही मानते की माझ्या अंगात भूत आहे. मी ते कधी नाकारलं नाही. का नाकारलं नाही, तेच सांगतो. आणि राग उतरल्यावर सांगेन म्हटलं तर माझ्या तेराव्याला सांगावं लागेल, म्हणून आत्ताच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी विशीतला, केस खांद्यावर, टी-शर्टवर हातभर कवटी. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एक सिंधी दुकानदार कॅसेटी भरून द्यायचा. त्याच्याकडून मी हेवी मेटल भरून आणायचो. पहिल्यांदा लावून बघितली तेव्हा त्याच्या काउंटरची काच तडकली. तो ओरडला, "चरिया है क्या, पागल? ये आदमी गा रहा है, कि किसीने इसका गला दबाया है?"

गळा दाबल्यावर माणसानं गावं कसं, हेच तर मला शिकायचं होतं. कात्रपच्या आमच्या गच्चीवर मी बेंबीपासून गुरगुरायचा सराव करायचो. आसपासच्या चार बिल्डिंगांतले कावळे अंबरनाथला राहायला गेले. पाळकसाहेब म्हणाले, "सैतानाचं संगीत आहे हे." तरी रविवारच्या गायकवृंदात मला उभं करायचे, कारण खालचा सूर धरणारा दुसरा कुणी नव्हता.

त्या वर्षी ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीपुढे खरीखुरी गाढवी चालवायची ठरलं. प्रभू गाढवावरून आला, म्हणून. चामटोलीच्या बाजूला वीटभट्टीवर एक मावशी होती, तिची गाढवी मी आठ दिवस आधीच सांगून ठेवली. रविवारी सकाळी आणायला गेलो तर गाढवी थरथरत उभी. दोन्ही कुशींवर लाल ऑइलपेंटनं लिहिलेलं: पाणीचोर. शेपटीचे केस जळलेले. पाठीवर विटांनी पडलेली जुनी जखम होतीच, तीही रंगवलेली.

"काय झालं मावशी?"

"पक्षाची मान्सं काल घेऊन गेली. नळाला पानी नाय म्हनून पानीखात्याच्या सायबाच्या नावानं धिंड काढली. शेपटीला लवंगीची माळ बांधली रे मेल्यांनी." तिनं डोळ्यांना पदर लावला. "उद्या परत नेनार हायेत. नाय म्हनले तर भट्टी बंद पाडतील."

पाणी साहेबानं चोरलं की पक्षानं, देव जाणे. गाढवीनं तर उभ्या जन्मात कुणाचा तांब्या उष्टावला नव्हता.

चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी तिला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हे प्रभूपुढे चालवायचं? लोक काय म्हणतील?" जळलेली शेपटी त्यांना दिसलीच नाही. अक्षरं दिसली. ती झाकायला गायकवृंदातल्या सर्वांत जाड्या बाईंचा पांढरा झगा गाढवीवर घातला आणि आम्ही झावळ्या हलवत निघालो.

चौकात त्या पक्षाचे पुढारी, भाऊ, उभेच होते, चेल्यांसकट. वारा आला, झगा उडाला.

"अरे, ही तर आपलीच गाढवी!" भाऊंना उकळ्या फुटल्या. "बघा, चर्चवालेसुद्धा आपल्या मोर्चात! लाव रे लवंगी!"

एका चेल्यानं माळ काढली. काडीचा वास येताच गाढवी मटकन खाली बसली. उठेना. दुसरा चेला काठी घेऊन धावला. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. म्हटलं, हा माणूस आता काही बोलेल. ते बोललेही. "तूच मार रे एक. उठव तिला, शोभा होतेय."

शोभा!

माझ्या पोटात तीन वर्षांच्या सगळ्या कॅसेटी एकदम सुरू झाल्या. मी गाढवीच्या अंगावर आडवा झालो आणि जो गुरगुराट सोडला, तो म्हणे कर्जतपर्यंत ऐकू गेला. भाऊंची गांधीटोपी उडून गटारात पडली. चेल्याच्या हातातली काडी विझली. पाळकसाहेब दोन पावलं मागे सरले ते एका भेळवाल्याच्या टोपल्यात बसले. आणि गाढवी उठली, मान वर केली आणि थेट माझ्याच सुरात ओरडली.

"भूत! याच्यातलं भूत गाढवीत शिरलं!" झगेवाल्या बाई किंचाळल्या. चौक मोकळा.

सोमवारी भाऊंची माणसं भट्टीवर गेली. मावशी म्हणाली, "न्या की. पन त्या केसाळ्याचं भूत हाय तिच्यात. पहाटे विंग्रजीत वरडती." माणसं आली तशी परतली. त्या आठवड्यात तिच्या कुशीवरचा रंग मी खोबरेल लावून लावून काढला.

पुढच्या रविवारी, ऐन ईस्टरला, मंडळीतल्या तीन वडीलधाऱ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून दोन तास प्रार्थना केली. गुडघे फुटायची वेळ आली. गायकवृंदातली माझी जागा रिकामी दिसत होती, आई मागच्या बाकावर मान खाली घालून बसली होती. पाळकसाहेबांनी विचारलं, "गेलं का रे भूत?"

हो म्हटलं असतं तर जागा परत मिळाली असती. पण चर्चमधली बातमी भाऊंच्या कानावर जायला एक चहाचा कप पुरायचा, आणि पुढच्याच मोर्चाला गाढवीच्या शेपटीला नवी माळ.

"नाही, पाळकसाहेब," मी म्हटलं. "दोघांतही आहे अजून."